विक्रमांची खतावणी

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन बेसबॉल हा विषय घेऊन आम्ही वाचकांपुढें आलों, याचें कित्येकांस नवल वाटेल. हा खेळ आपल्या अंगणांतला नव्हे. १८८८-८९ सालीं स्पॉल्डिंग नांवाच्या शिकागोच्या क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्यानें दोन संघ बरोबर घेऊन जगप्रदक्षिणा केली. हे संघ ऑस्ट्रेलियाहून कोलंबोपर्यंत आले, तेथें एक सामना खेळले, आणि हिंदुस्थानांत सामना न करतां तसेच सुवेझच्या मार्गानें इजिप्तला जाऊन पिरॅमिडांच्या सावलींत खेळते झाले. म्हणजे आपला व या खेळाचा परिचय घडतां घडतां राहिला म्हणावयाचा. असें असतां त्याच्या जुन्या सामन्यांची उठाठेव एका वाङ्मयीन मासिकानें कां करावी, असा प्रश्न कोणी केल्यास त्यास आमचें उत्तर असें कीं, या खेळानें आपल्या मागें जी कागदोपत्रीं संपत्ति ठेविली आहे ती एक प्रकारची बखरच होय, आणि बखरीची परीक्षा करण्याचा अधिकार समीक्षकांस आहे.

पहिला धंदेवाईक संघ, पहिला संघटित सामना, पहिला निर्दोष सामना, एका हंगामांतले सर्वाधिक विजय, अशा ‘पहिल्या’ आणि ‘सर्वाधिक’ गोष्टींच्या याद्या या खेळाचे भक्त पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आले आहेत. त्या याद्या आम्हीं पुष्कळ प्रेमानें वाचल्या. परंतु आमच्याकडे राजवाड्यांनीं बखरींना जो प्रश्न विचारला, कीं बाबांनो, हें तुम्हांस सांगितलें कोणीं आणि तुम्हीं तें मोजलें कशानें, तोच प्रश्न या याद्यांस विचारला पाहिजे असें आम्हांस वाटूं लागलें. तो विचारतांच आंकडे मोठे मौजेनें हलूं लागतात. आणि एका ठिकाणीं, तें पुढें येईल, मौज संपते.

खेळाची रीति थोडक्यांत सांगून टाकूं. नऊ-नऊ गड्यांचे दोन संघ. पिचर चेंडू टाकतो, बॅटवाला तो टोलवितो. मैदानांत चौकटीच्या चार कोंपऱ्यांवर चार ठाणीं असतात, त्यांस बेस म्हणतात. तीं क्रमानें गांठून गडी स्वगृहीं परत आला म्हणजे एक धांव. तीन गडी बाद झाले कीं डाव संपला. प्रत्येक पक्षास असे नऊ डाव. नऊ डावांचा हा नियम १८५७ सालचा. बॅटवाला तीनदां चुकला तर बाद. उलट पिचरनें चेंडू वारंवार टप्प्याबाहेर टाकले तर बॅटवाल्यास पहिलें ठाणें फुकट मिळतें. बॅटवाल्याच्या पाठीमागें बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. कोणत्या जातीचा चेंडू यावा याची खूण कॅचर पिचरला बोटांनीं करतो. ही खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां या बखरीचा आद्य लेखक कोण तें पाहूं. हेन्री चॅडविक हा इंग्लंडांतील एक्झिटर गांवीं १८२४ सालीं जन्मला आणि लहानपणींच आईबापांबरोबर ब्रुकलिनला आला. तो वृत्तपत्रांत क्रिकेटचे वृत्तांत लिहीत असे. पुढें बेसबॉलनें त्यास वेड लाविलें, आणि क्रिकेटच्या धांवपत्रकाचा संस्कार घेऊन १८५९ च्या सुमारास त्यानें बेसबॉलचें तें आटोपशीर कोष्टक सिद्ध केलें, ज्यास ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. सामना न पाहिलेल्या मनुष्यानें चहा पितां पितां वर्तमानपत्राच्या चार बोटें जागेंतून अख्खा सामना मनांत उभा करावा, ही किमया त्या कोष्टकाची. चेंडू हुकून बाद झालेल्या गड्यापुढें इंग्रजींतील ‘के’ हें अक्षर लिहिण्याची चालहि त्याचीच. त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें शेवटचें अक्षर.

परंतु चॅडविकनें क्रिकेटच्या पत्रकांत नसलेली एक गोष्ट आपल्या कोष्टकांत आणून बसविली. क्रिकेटमध्यें सोपा झेल हातांतून निसटला तर प्रेक्षक हळहळतात. धांवपत्रक मात्र त्याविषयीं मौन पाळतें. बेसबॉलच्या कोष्टकांत ‘चुकां’चा एक स्वतंत्र रकाना आहे. हा टोला अडविणें गड्याच्या आवांक्यांत होतें कीं नव्हतें, धांव बॅटवाल्यानें कमावली कीं प्रतिपक्षाच्या गबाळेपणानें त्याच्या पदरांत पडली, हें टिपणारा तेथल्या तेथें ठरवितो आणि गड्याच्या नांवापुढें लिहून टाकतो. म्हणजे हा टिपणारा नुसता कारकून राहिला नाहीं. तो न्यायाधीश झाला. या खेळाच्या आंकड्यांत जें सौंदर्य आहे तें येथून उगवतें, आणि त्यांतला धोकाहि येथूनच.

पहिलें उदाहरण सर्वांत विख्यात असेंच घेऊं. १८६९ सालीं सिनसिनाटीच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ संघानें आपले सर्व गडी उघडपणें पगारी ठेविले. तोंपर्यंत पगार दिले जात नसत असें नव्हे. ते टेबलाखालून दिले जात. संघाचा चालक हॅरी राइट हा शेफील्डचा, धंद्यानें मूळचा क्रिकेटपटु. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज यास हंगामाचे १४०० डॉलर मिळत, आणि थोरल्यास १२०० वर समाधान मानावें लागे! त्याच वर्षीं पुऱ्या झालेल्या रेल्वेनें हा संघ सॅन फ्रॅन्सिस्कोपर्यंत जाऊन आला, आणि सबंध वर्षांत एकदांहि हरला नाहीं. अजिंक्यपदाची ही कथा निःसंशय खरी आहे. पण विजय किती? कोणी ५७ म्हणतो, कोणी ६० च्या पुढें जातो. कोणते प्रतिस्पर्धी हिशोबांत धरावयाचे यावर तें अवलंबून. शिवाय २६ ऑगस्टचा ट्रॉयच्या संघाशीं झालेला सामना आहेच. १७-१७ अशी बरोबरी असतां एका झेलावरून तंटा लागला आणि ट्रॉयवाले मैदान सोडून चालते झाले. पैजा लावणाऱ्यांचे पैसे वांचविण्यासाठीं तें झालें असा त्या वेळीं बोभाटा होता. पंचानें सामना सिनसिनाटीस दिला. अनेक पुस्तकें त्यास बरोबरी म्हणतात. पंचाचा निर्णय खरा मानावा कीं धांवफलकावरचा आंकडा, हा वाद कोष्टकांत मावत नाहीं.

या संघाच्या पराभवाचा दिवस मात्र निर्विवाद आहे, आणि आमच्या मतें त्या शतकांतील सर्व सामन्यांत वाङ्मयाच्या सर्वांत जवळ जाणारा सामना तो हाच. १४ जून १८७०. स्थळ ब्रुकलिनचें कॅपिटोलाइन मैदान. प्रतिपक्ष अटलांटिक क्लब. नऊ डाव संपले तेव्हां ५-५ अशी बरोबरी. अटलांटिकचे गडी खूष होते. अजिंक्य संघाशीं बरोबरी म्हणजे विजयासारखीच. त्यांनीं सामान आवरण्यास आरंभहि केला. हॅरी राइट अडून बसला: नियमाप्रमाणें खेळ पुढें चालला पाहिजे. नियमांचा जाणकार म्हणून प्रेक्षकांत बसलेल्या चॅडविकलाच विचारण्यांत आलें, आणि त्यानें राइटच्या बाजूनें कौल दिला. म्हणजे ज्यानें बखर लिहावयाची त्यानेंच कथेस पुढचा अध्याय जोडला, असा हा योग.

दहावा डाव कोरा गेला. अकराव्यांत सिनसिनाटीनें दोन धांवा काढल्या, ७-५. आतां अटलांटिकची पाळी. त्यांचा जो स्टार्ट यानें उजवीकडे दूरवर टोला हाणला. चेंडू प्रेक्षकांच्या कडेला गेला, आणि तो उचलण्यास वांकलेल्या मॅक्व्हेच्या पाठीवर एक प्रेक्षक चढून बसला असें सांगतात. पुढें फर्ग्युसन आला. हा उजव्या हातानें खेळणारा. परंतु त्या बाजूस जॉर्ज राइटसारखा चपळ गडी उभा आहे हें पाहून तो डाव्या बाजूनें उभा राहिला आणि टोला पलीकडून काढला. बरोबरी झाली. शेवटीं झेटलाइनचा चेंडू पहिल्या ठाण्यावरील गूल्ड याच्या हातांत ठरला नाहीं. घाईघाईनें त्यानें तो फेंकला तोहि भलतीकडे. फर्ग्युसन धांवत घरीं आला. ८-७. त्या संध्याकाळीं सिनसिनाटी क्लबच्या अध्यक्षानें गांवीं जी तार पाठविली तींत पराभवाचें वृत्त देतांनाच आजवर खेळला गेलेला हा सर्वोत्तम सामना होय असें नमूद केलें होतें. पराभवाच्या घटकेला इतकें औदार्य दाखविणारा अध्यक्ष दुर्मिळच. मात्र क्लबाच्या इतर कारभाऱ्यांत तें औदार्य टिकलें नाहीं: आणखी कांहीं सामने हरतांच प्रेक्षक आटले, पगार जड झाले, आणि वर्षअखेर धंदेवाईक संघ मोडण्यांत आला. राइट बंधु बॉस्टनला गेले, आणि मोज्यांचा लाल रंग व संघाचें नांवहि बरोबर घेऊन गेले.

कोष्टकांत गूल्डच्या नांवापुढें ‘चूक’ आहे. राइटच्या हट्टाला रकाना नाहीं. बरोबरी स्वीकारली असती तर विक्रम अभंग राहिला असता, हें त्या मनुष्यास ठाऊक नव्हतें काय? आम्ही त्या हट्टास या खेळाच्या इतिहासांतील पहिल्या प्रतीचा पराक्रम समजतों. आणि तो एकाहि यादींत नाहीं.

यानंतर संघटनेचें युग सुरू होतें. १८७१ सालीं धंदेवाईकांचा पहिला संघ ‘नॅशनल असोसिएशन’ स्थापन झाला, आणि ४ मे रोजीं इंडियानांतील फोर्ट वेन येथें किकिओंगा क्लबनें क्लीव्हलंडच्या फॉरेस्ट सिटीला २-० असें हरविलें. वीस-तीस धांवा हें नित्याचें असलेल्या त्या काळांत हा आंकडा विलक्षणच. त्याच दिवशीं वॉशिंग्टनला व्हावयाचा सामना पावसानें बुडाला म्हणून ‘पहिलेपणा’चा मान त्या आडगांवीं पडला. १८७६ सालीं हल्बर्टनें ‘नॅशनल लीग’ काढली तिचाहि पहिला सामना, २२ एप्रिलचा फिलाडेल्फियांतील, असाच इतरत्रच्या पावसाचें देणें आहे. बॉस्टननें तो ६-५ असा जिंकला. ‘पहिला’ या शब्दाचा केवढा डौल, आणि त्याच्या मुळाशीं ढग!

फोर्ट वेनचा तो सामना जिंकून देणारा पिचर बॉबी मॅथ्यूज याची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. साऱ्या आयुष्यांत त्याच्या नांवावर २९७ विजय आहेत. बेसबॉलमध्यें ३०० विजयांची जादू मोठी. ती रेघ ओलांडणाऱ्यास कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिरांत बहुधा आसन मिळतेंच. मॅथ्यूजला तें मिळालें नाहीं. एवढेंच असतें तर तीन पावलांनीं चुकला म्हणून आपण हळहळलों असतों. पण १९६८-६९ सालीं विक्रमांची छाननी करण्यास नेमलेल्या एका समितीनें ठरविलें कीं, नॅशनल असोसिएशन ही प्रथम दर्जाची संघटना मानावयाची नाहीं. तिचा कारभार अव्यवस्थित, क्लब येत-जात. झालें! मॅथ्यूजचे १३१ विजय एका ठरावानें खालच्या पंक्तींत जाऊन बसले, उरले १६६. बरें, निकष सुव्यवस्थेचा असेल तर तो सर्वांना सारखा लावावा. १८८४ सालीं ‘युनियन असोसिएशन’ नांवाची एक संघटना एकच हंगाम जगली. तिच्यांत कित्येक क्लब अर्ध्यावर बुडाले, आणि सेंट लुईचा संघ ११३ पैकीं ९४ सामने जिंकून मोकळा झाला. तिला मात्र समितीनें प्रथम दर्जा बहाल केला! हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

जोसेफ बॉर्डनची कथाहि याच माळेंतील. १८७५ च्या जुलैंत त्यानें फिलाडेल्फियाच्या वतीनें शिकागोस एकहि हिट, म्हणजे निर्दोष टोल्यानें मिळविलेलें ठाणें, न देतां सामना जिंकला. असा हा पहिलाच सामना. त्यांत तो ‘जोसेफ्स’ या टोपणनांवानें खेळत होता. पैशासाठीं चेंडू खेळणें हें घरंदाज कुटुंबास लांछनास्पद वाटे म्हणून, असें म्हणतात. (आमच्याकडे नाटकांत जाणाऱ्या मुलांची आठवण वाचकांस झाल्यावांचून राहणार नाहीं.) पुढच्या वर्षीं नॅशनल लीगचा तो पहिला सामनाहि जिंकला यानेंच, आणि त्याच हंगामांत त्याची कला इतकी ओसरली कीं बॉस्टननें त्यास मैदानाच्या देखभालीवर लाविलें. अधिकृत याद्यांत पहिलेपणाचा मान १५ जुलै १८७६ रोजीं हार्टफर्डला एकहि हिट न देणाऱ्या जॉर्ज ब्रॅडलीकडे जातो. कारण तेंच: असोसिएशन मोजावयाची नाहीं.

आतां ज्या दोन सामन्यांविषयीं आमच्या मनांत निर्भेळ आनंद आहे त्यांकडे वळूं. १२ जून १८८० रोजीं वूस्टरच्या ली रिचमंडनें क्लीव्हलंडचे सत्तावीसच्या सत्तावीस गडी क्रमानें बाद केले. एकालाहि पहिल्या ठाण्यावर पोंचूं दिलें नाहीं. हा ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी. पदवीदानाचे दिवस जवळ आलेले. आदली सारी रात्र सोबत्यांच्या समारंभांत जागून, पहांटे वर्गाचा एक सामना खेळून, आगगाडीनें वूस्टरला येऊन, जेवणाला फांटा देऊन हा मैदानांत उतरला, आणि त्या दिवशीं असें घडलें! सामना १-० असा सुटला. ती एकुलती धांवहि क्लीव्हलंडच्या डनलॅपनें एकाच चेंडूवर केलेल्या दुहेरी चुकीची. एकदां तर चेंडू चक्क उजव्या मैदानांत गेला होता. परंतु तेथील नाइटनें तो असा तडक पहिल्या ठाण्यावर फेंकला कीं बॅटवाला वाटेंतच बाद झाला. निर्दोषत्व पिचरच्या नांवावर लिहिलें जातें. त्यांतला एक सत्तावीसांश तरी नाइटचा आहे. आणि पांचच दिवसांनीं, १७ जूनला, प्रॉव्हिडन्सच्या जॉन माँटगमेरी वॉर्ड या वीस वर्षांच्या मुलानें बफेलोविरुद्ध तेंच केलें. यानंतर नॅशनल लीगमध्यें असा सामना पुन्हां व्हावयास १९६४ सालचा जून उजाडावा लागला. त्या दोघांस आपण कांहीं ‘परिपूर्ण सामना’ केला हें नांवानिशीं ठाऊकच नव्हतें. ती संज्ञाच पुढें रूढ झाली.

शंकेखोर म्हणतील कीं, तेव्हां पिचर पंचेचाळीस फुटांवरून, हात खालीं ठेवून चेंडू टाकी. १८८१ सालीं हें अंतर पन्नास फूट झालें, १८९३ सालीं साडेसाठ. गोष्ट खरी. पण तेव्हां क्षेत्ररक्षकांचे हातहि जवळजवळ उघडे असत आणि मैदानें शेताडींत, हें शंकेखोर सोयीस्करपणें विसरतात. याद्या करणारे परिस्थिति गाळतात. याद्यांस हंसणारे ती अर्धीच सांगतात. आम्हांस दोघेहि सारखेच अप्रामाणिक वाटतात.

अर्थात् कांहीं आंकड्यांना परिस्थितीवांचून अर्थच नाहीं. शिकागोच्या विल्यमसननें १८८४ सालीं २७ होम रन काढले, आणि १९१९ सालीं बेब रूथनें २९ काढीपर्यंत तो उच्चांक अढळ राहिला. त्या मैदानाचें कुंपण बाजूंस दोनशें फुटांच्याहि आंत होतें! आदल्या वर्षापर्यंत त्यावरून गेलेल्या टोल्यास दोनच ठाणीं मिळत. त्या एका वर्षीं नियम बदलला, आणि २७ पैकीं २५ टोले त्या कुंपणावरूनच गेले. १८८७ सालीं तर फुकट मिळालेलें ठाणेंहि ‘हिट’ म्हणून मोजण्याची लहर नियमकर्त्यांस आली. त्या वर्षीं टिप ओनीलची सरासरी .४९२ झाली; पुढें फुकटचीं ठाणीं वजा होऊन ती .४३५ वर उतरली. ओनीलनें त्यासाठीं एक चेंडू कमी वा अधिक मारलेला नाहीं.

रॅडबोर्नचें प्रकरण याहून करुण आहे. १८८४ सालीं प्रॉव्हिडन्सचे दोन पिचर होते: तो आणि तरुण स्वीनी, ज्यानें ७ जूनला बॉस्टनचे १९ गडी हुकवून बाद केले. दोघांचें पटेना. जुलैंत स्वीनी भांडून निघून गेला, आणि राहिलेला बहुतेक हंगाम रॅडबोर्ननें एकट्यानें ओढला. ६७८ हून अधिक डाव आणि ४४१ बळी. हात इतका आंखडे कीं सकाळीं त्याला केंस विंचरतां येत नसत अशी आख्यायिका आहे. सामन्यापूर्वीं हळूहळू चेंडू फेंकून तो हात मोकळा करी. विजय किती? जुनीं पुस्तकें म्हणतात ६०, नवीं म्हणतात ५९. २८ जुलैच्या सामन्यांत आरंभीं मिलर नांवाचा पिचर होता, शेवटचे चार डाव रॅडबोर्ननें सांभाळले. आजच्या नियमानें विजय मिलरचा. पण पिचरच्या नांवावर विजय लिहिण्याची ही पद्धति तेव्हां रूढच नव्हती. जो हिशोब त्या वेळीं कोणी ठेवीतच नव्हता, त्यांतली एक रक्कम शंभर वर्षांनीं दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याची ही काटेकोर वृत्ति पाहून हंसावें कीं नमस्कार करावा हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं.

या काळानें वाङ्मयास दिलेली एक सुप्रसिद्ध चीज म्हणजे १८८८ च्या जूनमध्यें सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ‘एक्झॅमिनर’ पत्रांत आलेली थेअरची ‘केसी ॲट द बॅट’ ही कविता. ती फार थोर काव्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु कवीनें नायक म्हणून निवडला तो ऐन वेळीं हुकलेला वीर. चॅडविकच्या कोष्टकांत त्याची सारी कहाणी म्हणजे एक ‘के’. त्या अक्षराच्या पोटांत काय मावतें हें थेअरला कळलें होतें.

आणि कोष्टकांत काय मावत नाहीं, तें मोझेस फ्लीटवुड वॉकरच्या चरित्रांत दिसतें. हा ओहायोचा कृष्णवर्णीय तरुण ओबर्लिन व मिशिगन येथें शिकलेला, धंद्यानें कॅचर. १८८३ सालीं तो टोलेडोच्या संघांत आला. त्या ऑगस्टमध्यें शिकागोचा संघ पाहुणा म्हणून आला असतां त्यांचा नामांकित कर्णधार अँसन म्हणाला, हा मनुष्य खेळणार असेल तर आम्ही खेळणार नाहीं. टोलेडोच्या चालकानें दुखऱ्या हातामुळें विश्रांति घेत असलेल्या वॉकरला मुद्दाम मैदानांत उतरविलें. उत्पन्नाचा वांटा बुडेल हें पाहून अँसन मुकाट्यानें खेळला. पुढच्या वर्षीं टोलेडो ‘अमेरिकन असोसिएशन’ या प्रथम दर्जाच्या संघटनेंत गेलें, आणि १ मे १८८४ रोजीं वॉकर लुईव्हिल येथें खेळला. तीनच वर्षांपूर्वीं याच गांवांत त्यास वर्णामुळें मैदानाबाहेर ठेवण्यांत आलें होतें. त्या पहिल्या दिवशीं त्याच्या नांवावर एकहि हिट नाहीं आणि चार चुका आहेत.

चुका! येथें आम्ही वाचकांस त्या बोटांच्या खुणेची आठवण देतों. टोलेडोचा प्रमुख पिचर टोनी मुलेन यानें पुष्कळ वर्षांनीं, १९१९ सालीं, स्वतःच्या तोंडानें कबूल केलें कीं, वॉकर हा आपण पाहिलेल्या कॅचरांत सर्वोत्तम. परंतु काळ्या मनुष्याच्या खुणेप्रमाणें वागणें आपणांस सहन होत नसे, म्हणून आपण त्याच्या खुणांकडे न पाहतां मनास येईल तो चेंडू टाकीत असूं. अखेर वॉकरनें त्यास सांगितलें कीं, यापुढें मी खूणच करणार नाहीं; तूं टाकशील तें झेलीन. वाचकांनीं हें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. पातळ हातमोजा किंवा उघडा हात. समोरून वेगानें येणारा चेंडू. आणि तो कोठें वळणार हें ज्यास आधीं ठाऊक असावयाचें त्यासच तें ठाऊक नाहीं. चेंडू निसटला तर टिपणारा प्रामाणिकपणें काय लिहील? कॅचरची चूक. टिपणाऱ्यानें खोटें लिहिलें नाहीं. जें दिसलें तें लिहिलें.

वॉकर त्या हंगामांत ४२ सामने खेळला, बॅटीची सरासरी.२६३, म्हणजे त्या संघटनेच्या सर्वसाधारण गड्याहून सरस. वर्षअखेर तो त्या दर्जाच्या खेळांतून बाहेर पडला. १४ जुलै १८८७ रोजीं ‘इंटरनॅशनल लीग’च्या चालकांनीं यापुढें कृष्णवर्णीयांशीं करार मंजूर करावयाचे नाहींत असा ठराव केला, त्याच दिवशीं न्यूअर्कमध्यें अँसनच्या संघासमोर स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर उभा राहिला नाहीं. त्यास बरें नव्हतें, असें सांगण्यांत आलें. प्रथम दर्जाच्या मैदानावर पुन्हां उघडपणें कृष्णवर्णीय गडी दिसण्यास १५ एप्रिल १९४७ ची वाट पाहावी लागली; त्या दिवशीं जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळला. वॉकरनें १९०८ सालीं ‘अवर होम कॉलनी’ नांवाची एक छोटी पुस्तिका लिहिली आणि तींत आपल्या जातिबांधवांनीं आफ्रिकेस निघून जावें असें प्रतिपादिलें. इतकी त्याची निराशा झाली होती. १९२४ सालीं तो वारला.

वॉकर ‘पहिला’ होता हें विधानहि आतां पूर्वीसारखें निःशंकपणें करतां येत नाहीं. २१ जून १८७९ रोजीं प्रॉव्हिडन्सच्या संघांत पहिल्या ठाण्यावरचा नेहमींचा गडी जखमी झाला. तो म्हणजे १८७० च्या त्या अकराव्या डावांतला जो स्टार्टच. त्याच्या जागीं ब्राउन विद्यापीठाचा विल्यम एडवर्ड व्हाइट हा विद्यार्थी एका दिवसापुरता खेळला. रिचमंडचा हा महाविद्यालयांतला सोबती. एक हिट, एकहि चूक नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं संशोधकांनीं कागद धुंडाळले तेव्हां असें आढळलें कीं, हा जॉर्जियांत १८६० सालीं एका गुलाम स्त्रीच्या पोटीं जन्मला. बाप तिचा मळेवाला मालक. व्हाइट पुढें सारें आयुष्य गोरा म्हणूनच जगला. त्यास ‘पहिला’ म्हणावें काय? जो मान मिळूं नये म्हणून मनुष्य जन्मभर धडपडला, तो मेल्यावर त्याच्या गळ्यांत घालणें हा त्याचा गौरव कीं उघडकी? आमचा कल असा कीं, धोका पत्करून, सर्वांच्या डोळ्यांदेखत, आपण कोण हें न लपवितां मैदानांत उतरला तो वॉकर. यादीच्या शिरोभागीं त्याचेंच नांव असावें आणि व्हाइटची हकीकत तळटीपेंत यावी. याविरुद्ध मत असणाऱ्यांशीं आम्ही भांडणार नाहीं. तारीख त्यांच्या बाजूची आहे.

१९२० ते १९४८ या काळांतील कृष्णवर्णीयांच्या सात संघटनांस २०२० सालीं अधिकृतपणें प्रथम दर्जा देण्यांत आला, आणि २०२४ सालीं त्यांचे आंकडे मुख्य खतावणींत चढविले गेले. यावर कित्येक जुन्या भक्तांनीं आंकड्यांचें पावित्र्य भंगलें म्हणून आक्रोश केला. वरील हकीकत वाचल्यावर त्या पावित्र्याविषयीं वाचकांनींच आपलें मत बनवावें. अँसनच्या हिट कोठें ३४०० च्या वर, कोठें जेमतेम ३००० च्या पुढें छापलेल्या आढळतात, आणि प्रत्येक ठिकाणीं कोणतें वर्ष कां धरलें व कां गाळलें याची टीप असते. १९३९ पासून तो कीर्तिमंदिरांतहि आहे. वॉकरच्या ४२ सामन्यांपुढें अशी टीप नाहीं. मुलेनच्या त्या हंगामांतील विजय मुलेनच्या खात्यावर आहेत, आणि त्याच्या न सांगतां टाकलेल्या चेंडूंपैकीं जे निसटले ते आजहि कॅचरच्या रकान्यांत, वॉकरच्या नांवावर मांडलेले आहेत.